मामाजींना स्मृतिभ्रंश आहे. अशा माणसांसाठी गावातच व्यायामाचा वर्ग सुरू करता येईल का?

वावरातली_सून (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझे मामाजी ७४ वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य शेतीत गेलं. विसर हळूहळू वाढत गेला आणि मागच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, "यांना बसवून ठेवू नका, चालवा, व्यायाम करू द्या." कसा, किती, कोणासोबत हे विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता.

मोबाईलवर पाहिलं तर मोठ्या शहरांत अशा लोकांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे एकत्र व्यायामाचे वर्ग चालतात असं दिसतं. आमच्या गावाहून दारव्ह्यालाच मोजक्या एसट्या आहेत. त्यात मामाजींना बसवलं की प्रत्येक फाट्यावर "आपलं गाव आलं" म्हणून उठतात. यवतमाळ-नागपूरला दर आठवड्याला नेणं आमच्याच्यानं होणार नाही.

घरात मी, आत्याबाई आणि आमचे हे. हे सकाळीच वावरात जातात. आत्याबाईंचे गुडघे गेलेले. मामाजींना बाजेवरून उठवणं, न्हाणीत नेणं, परत आणून बसवणं सगळं माझ्याकडे. माझी कंबर आता रोजच दुखते. दिवसभर ते सपरीत बसून असतात आणि सांजच्याला पाच वाजले की कासरा शोधतात. "मले वावरात जाचं हाय, बैल सोडाचे हायेत." बैल आम्ही कधीचेच विकले. तसं सांगितलं की चिडतात, काठी उगारतात. एकदा पार नाल्यापर्यंत गेले होते, गुराख्यानं आणून सोडलं.

गावात आणखी दोन घरं अशीच आहेत. शाळेमागच्या एक आजी आणि निवृत्त झालेले एक पोस्टमन काका. लोक म्हणतात म्हातारचळ आहे, चालते असंच. मला वाटतं या तिघांना आणि आम्हा सांभाळणाऱ्यांना एकत्र बसवून काही करता यावं. पण मी बारावी शिकलेली, व्यायामाचं काही येत नाही. कोणी पडलं तर? कोणी विदर्भात, खेड्यात असं काही चालवतं का? अगदी काय काय करता ते सांगा.

---

उपकेंद्र_ताई (ता. देवळी, जि. वर्धा)

ताई, मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमच्या गावाला जे उपकेंद्र लागतं ते आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल. तिथे योगासनांचे वर्ग घेणं आणि वृद्धांची काळजी हे आमच्या कामातच धरलेलं आहे. तिथल्या ताईंना जाऊन सांगा. जागा, बीपीचं मशीन आणि एक जाणकार माणूस, तिन्हींची सोय तिथून होऊ शकते.

आशाताई घरोघरी जो आरोग्य तपासणीचा सीबॅक फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात. उभं राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. त्या फॉर्मवरून गावात अशी माणसं किती, हे आशाताईंना माहीत असतं. तुम्हाला तीन घरं दिसतात, फॉर्म नीट भरले गेले असतील तर पाच निघतील. एलएएसआय-डॅड नावाच्या देशभरच्या अभ्यासात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला. देशभरात मिळून ८८ लाखांच्या आसपास माणसं. आणि त्यात खेड्यांचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त निघालं.

वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येकाचं एकदा पाहून घ्या. बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. शाळेमागच्या आजींना कोणत्या डॉक्टरनं तपासलं आहे का? बी-१२ किंवा थायरॉइड कमी असेल तरी विसर पडतो, आणि त्याला उपचार आहे. विसर अचानक, थोड्या दिवसांत वाढला असेल आणि आधी कधी डोक्यावर पडणं झालं असेल तर थांबू नका, डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं. बीपी बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा घ्या. उभं राहिल्यावर फार उतरत असेल तर चक्कर येऊन पडतील. मामाजींची गोळी डोनेपेझिल असेल तर नाडीही मोजा, त्या गोळीनं काहींची नाडी मंद होते. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर व्यायाम बंद आणि डॉक्टर.

तुमच्यासाठी दोन नंबर: मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. पहिला नंबर फक्त पेशंटसाठी नसतो. सांभाळणाऱ्यानंही करावा, रात्रीही करावा.

---

खंजिरीवाले_मास्तर (ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती)

ताई, आम्ही चालवतो. सविस्तर लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो. माझं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. १९१४ पासूनची संस्था, विदर्भातल्या कितीतरी पीटी मास्तरांची ती शाळा. निवृत्तीनंतर काही वर्षांत आमच्या सौ.ला अल्झायमर निघाला. माझं नाव तिला आता नेहमी आठवत नाही, पण "मास्तर" म्हणते. तिची वेणी घालणं, भाकर टाकणं, आंघोळ घालणं मी करतो. एक पुरुष हे करतो म्हणून गावातल्या बायका माझ्याशी मोकळेपणानं बोलू लागल्या आणि त्यातून कळलं की अशी घरं बरीच आहेत.

आम्ही आठवड्यातून तीन सकाळी हनुमान मंदिराच्या सभामंडपात जमतो. जोड्या येतात. जोडी म्हणजे विसरणारं माणूस आणि त्याला सांभाळणारं माणूस. सांभाळणाऱ्यानं त्याला आणून सोडून निघून जायचं नाही, भिंतीला टेकून मोबाईलही पाहायचा नाही. दोघांनी समोरासमोर बसून करायचं. हा नियम मी कडक पाळतो, कारण सगळा वर्ग त्यावर उभा आहे. यांना शब्दांनी सूचना पोहोचत नाही. "उजवा हात वर, डावा कमरेवर" म्हटलं की चेहऱ्यावर भीती येते. समोरचं ओळखीचं माणूस हात वर नेताना दिसलं की यांचाही हात वर जातो. एका वेळी एकच हालचाल. दाखवायची, थांबायचं, वाट पाहायची. शाळेत मी तीनपर्यंत मोजून शिट्टी मारायचो. इथे शिट्टी नाही, आणि वाट पाहायला दहापर्यंत मोजावं लागतं.

व्यायाम कोणते? मी आधी पुस्तकातले घेतले. खुर्चीत बसून घोटे वर-खाली, गुडघा सरळ करणं, खांदे फिरवणं. ते आजही घेतो, चांगलेच आहेत. पण खरा जीव आला तो कापसानं. झालं असं की आमच्या एका आजींना हात खांद्याच्या वर न्यायला सांगितलं की त्या हात मांडीखाली दाबून बसायच्या. त्यांच्या सुनेनं एके दिवशी घरून कापसाची बोंडं आणली आणि दोन खांबांमध्ये दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावली. आजी उठल्या, पदराची ओटी खोचली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागल्या. डावीकडे वाकल्या, उजवीकडे सरकल्या, टाचा उचलून वरचं बोंड काढलं. तोल, पोहोच, बाजूला पावलं टाकणं, जे मला त्यांच्याकडून करून घेता येत नव्हतं ते सगळं त्यांनी स्वतःहून केलं. पन्नास वर्षं पऱ्हाटी वेचलेले हात. काल काय झालं ते या आजारात लवकर पुसलं जातं, पण अंगवळणी पडलेली कामं फार उशिरापर्यंत टिकतात. आपल्या खेड्यातल्या माणसांजवळ अशा कामांचा साठा मोठा आहे. तो वापरा.

आता आमच्याकडे दोरी कायमची आहे. सुरुवातीला छातीच्या उंचीवर, मग हळूहळू वर. बायकांसाठी सूप असतं. मूठभर ज्वारी टाकून पाखडायचं, खुर्चीत बसून किंवा उभं राहून. मनगट, खांदे, पाठ सगळं हलतं. पुरुषांना लेझीम. ज्यांनी शाळेत लेझीम खेळली त्यांच्या हातात ती दिली की पाय आपोआप पडतात, फक्त वाकण्याचे हात मी काढून टाकले. जोडीनं दुपट्टा धरून आळीपाळीनं ओढायचं, तेही बसून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकावरून उठणं-बसणं. हातांचा आधार घेऊन सुरू करा. जितकं जमेल तितकं, दमले की थांबायचं. हे एक टिकलं तर माणूस न्हाणीत स्वतः जातो आणि सांभाळणाऱ्याची कंबर वाचते.

ताल पाहिजेच. मी खंजिरी वाजवतो. आमचं गाव मोझरीपासून लांब नाही, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत इथली पिढी वाढली. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही त्यांना भजनं अखंड पाठ आहेत. खंजिरीच्या ठेक्यावर पाय उचलतात, ठेका थांबला की पाय थांबतात. तुमच्या गावात भजन मंडळ असेल, एक मृदंगवाला किंवा टाळकरी मिळवा. मोबाईलवर गाणी लावू नका. मध्येच जाहिरात आली की सगळे बावरतात. वाजवणारा माणूस समोर असला की तो यांना पाहून ठेका हळू करतो.

चालण्यासाठी आम्ही मंदिराची प्रदक्षिणा ठेवली. वाट चुकायला जागा नाही, जिथून निघालो तिथेच येतो, आणि कशासाठी चालायचं ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चालताना त्यांच्याशी बोलू नका. बोलायला लागले की यांचं पावलावरचं लक्ष उडतं आणि अडखळतात. बोलायचं असेल तर थांबून बोला.

सांभाळणाऱ्यांचं सांगतो. व्यायाम झाला की गावातली दोन-तीन पोरं, बहुतेक कॉलेजची, आमच्या माणसांजवळ बसतात. भुईमुगाच्या नाहीतर तुरीच्या शेंगा सोलायला देतात. तेवढ्या वेळात आम्ही सांभाळणारे पलीकडच्या ओट्यावर जातो. पाठीचे, मानेचे, खांद्याचे ताण काढतो आणि चाय घेतो. मी सांगतो ताई, काही जणी केवळ या अर्ध्या तासासाठी येतात आणि ते मला पूर्ण मान्य आहे. एक सून पहिल्यांदा आली तेव्हा ओट्यावर बसून नुसती रडली. पुढच्या वेळी तिनंच दुसरीला शिकवलं की सासूच्या तोंडात घास धरून ठेवला असेल तर काय करायचं. हे डॉक्टरच्या खोलीत शिकायला मिळत नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून सगळ्यांना सांगा. आल्याआल्या "मला ओळखलं का? सांगा मी कोण?" असं कोणी विचारायचं नाही. गावात येणारा प्रत्येक माणूस प्रेमानंच हे विचारतो, पण समोरच्याची त्यात परीक्षा होते आणि तो नापास होतो. आमच्याकडे प्रत्येक जण हात जोडून स्वतःच आपलं नाव सांगतो. "राम राम जी, मी मास्तर."

मामाजींच्या सांजेच्या बैलांबद्दल. बैल विकले हे त्यांना रोज सांगू नका, त्यांना ते रोज नव्यानं ऐकावं लागतं. पाच वाजता गुरांचं पाहायचं ही त्यांची आयुष्यभराची वेळ आहे आणि वेळ ते बरोबर पाळून राहिले. साडेचारलाच त्यांच्याकडे काम द्या. कोठ्यात एखादी गाय-वासरू असेल तर कुटार भरायला लावा, टाक्यात पाणी घालू द्या, तुम्ही जवळ राहा. जनावर नसेल तर कासरा हातात देऊन धुऱ्यापर्यंत सोबत जाऊन या, दिवस असेपर्यंत. अंधार पडू लागला की यांचा गोंधळ वाढतो, म्हणून आमचाही वर्ग सकाळीच असतो. त्यांच्या बंडीच्या खिशात नाव, गाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गावातल्या आणि वावरातल्या उघड्या विहिरी एकदा नजरेखालून घाला. ज्या विहिरीला कठडा नाही तिला काटेरी कुंपण तरी करून घ्या, ग्रामपंचायतीला अर्ज द्या.

---

आईचा_लेक (ता. मूल, जि. चंद्रपूर)

मास्तर, तुमचं वाचून बरं वाटलं, पण मला स्पष्ट विचारायचं आहे. यानं विसर कमी होतो का? मी आईसाठी खूप ठिकाणी फिरलो. कोणी मेंदूचं टॉनिक दिलं, कोणी सांगितलं अमुक व्यायामानं सहा महिन्यांत स्मरणशक्ती परत येईल. दरवेळी आशा लागते आणि दरवेळी पैसे जातात. आई आता स्वतः उठूनही बसत नाही. आमच्यासारख्यांना या वर्गाचा काही उपयोग आहे की हे फक्त चालत्या-फिरत्या लोकांसाठी आहे?

---

फिजिओ_सेलू (जि. वर्धा)

दादा, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: स्मृतिभ्रंश झाल्यावर व्यायामानं स्मरणशक्ती परत येते असा पुरावा नाही. जो तसं सांगून पैसे घेतो त्याला देऊ नका. इंग्लंडमध्ये डापा नावाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशाच्या ४९४ लोकांपैकी एका गटाला चार महिने बऱ्यापैकी जोराचा व्यायाम दिला. अंगातली ताकद वाढली, पण विसर वाढायचा थांबला नाही. म्हणून जिमसारखा दमवणारा व्यायाम आपण यांना देत नाही, त्याची गरजही नाही.

मग उपयोग कशाचा? फिनलंडमध्ये २०१३ साली एक अभ्यास आला. अल्झायमरची माणसं आणि त्यांचे नवरे किंवा बायका, अशा २१० जोड्या. आठवड्यातून दोनदा व्यायाम, वर्षभर. काहींना घरी येऊन, काहींना गटात. व्यायाम करणाऱ्यांचंही शरीर उतरत गेलं, पण न करणाऱ्यांपेक्षा हळू, आणि पडणं कमी झालं. खर्चही वाढला नाही. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत सिएटलला १५३ रुग्णांच्या घरच्या माणसांना शिकवलं, की व्यायाम कसा करून घ्यायचा आणि माणूस चिडलं तर कसं वागायचं. तीन महिन्यांनी त्या रुग्णांचं अंगही जास्त चालत होतं आणि उदासीही कमी होती. मास्तर जोडीनं करून घेतात ते यासाठीच मला फार पटतं. खेड्यात फिजिओ रोज येणार नाही, घरचं माणूस रोज असतं.

पडून मांडीचं हाड मोडलं आणि माणूस अंथरुणाला लागलं की सांभाळणाऱ्याचं आयुष्य किती अवघड होतं हे मी रोज पाहते. एक पडणं टळलं तरी ते फार मोठं आहे.

तुमच्या आईसाठीही करण्यासारखं आहे. त्याला वर्ग म्हणू नका, दिवसातून दोनदा दहा मिनिटं म्हणा. घोटे, गुडघे, खांदे, बोटं हळू, दुखेपर्यंत न ताणता पूर्ण हलवायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. त्यांना दुखतं हे सांगता येत नसेल तर कपाळावरची आठी पाहा, ती दिसली की थांबा. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. आधार देऊन दिवसातून काही वेळ पाय खाली सोडून बसवा. जेवण तर बसवूनच, निजून भरवलं की ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. हातात कापूस द्या, सुपातली ज्वारी द्या. बोटं चालतील तेवढी चालू द्या. आणि महिन्यातून एखाद्या दिवशी कोणाला तरी आईजवळ बसवून तुम्ही स्वतः अशा वर्गाला जा. सांभाळणाऱ्यांचा जो अर्धा तास असतो त्यात तुमची जागा आहे.

सूनताई, तुमच्या कमरेचं. मामाजींची बाज झोळ पडलेली असेल. झोळात बसलेल्या माणसाचे गुडघे कमरेच्या वर जातात आणि त्याला स्वतःच्या जोरावर उठताच येत नाही, मग सगळं वजन तुमच्यावर येतं. सुतळी किंवा नवार घट्ट ओढून घ्या, नाहीतर तख्तपोस करा. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतपत उंची. उठवताना काखेत हात घालून ओढू नका, त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. आधी त्यांना कडेला सरकवा, पावलं मागे घ्या, "नाक पायाच्या अंगठ्यावर" म्हणून पुढे वाकवा, मग "एक, दोन, उठा". तुम्ही बाजूला उभ्या राहा, एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकवून. पुढे वाकलं की माणूस निम्मा उठलेलाच असतो.

जागेबद्दल थोडं. प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या उठताना मागे सरकतात, त्या भिंतीला टेकवून ठेवा किंवा शाळेचा जड बाक घ्या. सभामंडपाची फरशी सकाळी धुतात, ती कोरडी झाल्याशिवाय सुरू करू नका. सपाता काढा, अनवाणी चांगलं. साखरेमुळे पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मागे पट्टा असलेली चप्पल घाला. उभ्यानं करायचे व्यायाम खांब किंवा कठडा धरून, आणि सांभाळणारा हाताच्या अंतरावर. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ च्या पुढच्या सगळ्यांसाठीच सांगितलं आहे, तेव्हा तुमच्या आत्याबाईंनाही बसवा. गुडघे दुखतात म्हणून त्यांना सोडू नका. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून धरणं हे त्यांच्या गुडघ्यांचंही औषध आहे.

आणि व्यायामाशी संबंध नसलेली, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगितलीच पाहिजे अशी गोष्ट. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा. विसरणारं माणूस ती बाटली पाण्याची म्हणून तोंडाला लावू शकतं.

---

वावरातली_सून

सगळ्यांचे खूप आभार. आत्याबाईंना वाचून दाखवलं. "नाक अंगठ्यावर" काल करून पाहिलं, मामाजी दुसऱ्या वेळेला जवळजवळ स्वतःच उठले. आमच्या यांनी बाजेची सुतळी ओढायला घेतली आहे. आशाताईंशी बोलले, त्या म्हणाल्या आणखी एक घर आहे, वस्तीवरचं, पण ते लोक आजार लपवतात.

आता दोन अडचणी. पोस्टमन काकांची मुलगी म्हणते की देवळात नको, बाबांना सगळ्या गावासमोर असं बसवायला लाज वाटते. आणि दुसरं, निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत घरातली प्रत्येक बाई मजुरीला जाते. तेव्हा कोण येणार? मास्तर, तुमच्याकडे तेव्हा वर्ग बंद असतो का?

---

खंजिरीवाले_मास्तर

बंद नसतो, वेळ बदलते. वेचणीच्या दिवसांत बायका सकाळी लवकर निघतात, म्हणून तेव्हा उजाडल्या उजाडल्या जमतो आणि लवकर संपवतो. तीनऐवजी दोन दिवस. ज्या घरातली सून मजुरीला जाते तिथून सासरा येतो, नातू येतो, एका घरातून तर शेजारीण येते. जोडीतलं दुसरं माणूस बदललं तरी चालतं, फक्त ते ओळखीचं पाहिजे आणि त्याला आधी दोन वेळा सोबत बसवलेलं पाहिजे. मजुरी बुडवून या असं कोणाला म्हणू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सहा-सव्वासहाला सुरू करा आणि ऊन चढायच्या आत सगळे घरी. पाणी आधीही द्या, नंतरही द्या. यांना तहान लागली हे कळत नाही आणि मागत नाहीत.

पोस्टमन काकांच्या मुलीचं म्हणणं मला समजतं. तिला देवळात बोलावूच नका. पहिले काही दिवस तुमच्या अंगणात दोनच घरं बसा, तुम्ही आणि शाळेमागच्या आजी. दार उघडं ठेवा. काकांकडे आशाताईंना पाठवून एवढंच विचारा की गावातली जुनी पत्रं-कागद लावायला काका मदत करतील का. आयुष्यभर टपाल वाटत गावोगाव पायी फिरलेला माणूस आहे. त्याला थैली खांद्यावर देऊन तुमच्या घरापर्यंत चालत यायला सांगितलं तर तो त्याचा व्यायामच झाला. मुलगी सोबत येईल, बसेल, पाहील. पुढचं तिला ठरवू द्या.

वस्तीवरच्या घराकडे आशाताईंनी बीपी मोजायच्या निमित्तानं जात राहावं. वर्गाचं नाव काढू नये.

आणि खंजिरी नसेल तर कळवा. आमच्या मंडळाकडे जास्तीची आहे, दारव्ह्याकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवतो.